व्यावसायिक एस्प्रेसो मशीन बसवण्याचे नियोजन : गाळा ताब्यात आल्यापासून पहिल्या कपापर्यंत

कॅफे सुरू करायचे ठरले की बहुतेक जण आधी मशीन पाहायला जातात, आगाऊ रक्कम भरतात आणि त्यानंतर सुतार, वायरमन आणि प्लंबर यांना बोलावतात. हा क्रम उलटा आहे. मशीन ज्या ओट्यावर बसणार त्याच्याखाली पाणी, वीज आणि सांडपाण्याचा निचरा या तिन्हींची सोय आधी झालेली असावी लागते. त्यांपैकी एकही गोष्ट नंतर दुरुस्त करायची झाली, तर बसवलेला ग्रॅनाइट उचलावा लागतो, फर्निचर उघडावे लागते आणि भाडे चालू असताना दुकान बंद ठेवावे लागते. म्हणून गाळा ताब्यात आल्याबरोबर, अंतर्गत सजावटीचा आराखडा कागदावर येण्याआधी, मशीनच्या जागेचा विचार सुरू करावा. उदाहरणासाठी पुण्यासारख्या शहरातील चार मजली इमारतीच्या तळमजल्यावरचा ३०० चौरस फुटांचा गाळा आणि दोन ग्रुपचे, म्हणजे कॉफी उतरण्याची दोन तोंडे असलेले, मशीन गृहीत धरले आहे.

गर्दीच्या तासावरून मशीनचा आकार ठरवणे

दिवसभरात किती कप विकले जातील, यापेक्षा सर्वांत गर्दीच्या एका तासात किती कप द्यावे लागतील हा आकडा महत्त्वाचा असतो. एस्प्रेसो उतरायला २५ ते ३० सेकंद लागतात, परंतु कॉफी दळणे, दाबणे, दूध तापवणे, स्टीम वँड (वाफेची नळी) पुसणे आणि चोथा टाकणे हे सगळे धरले तर दूध घातलेल्या एका कपामागे एका माणसाची दीड ते दोन मिनिटे जातात. म्हणजे एका ग्रुपवर एकट्या माणसाकडून तासाला ३० ते ४० कपांपेक्षा अधिक अपेक्षा ठेवू नये. कॉलेजच्या किंवा आयटी कंपन्यांच्या आसपासच्या गाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी याहून जास्त मागणी सहज असते आणि तेथे दोन ग्रुपचे मशीन योग्य ठरते. आपल्याकडे बहुसंख्य ग्राहक दुधाचीच कॉफी मागतात, त्यामुळे वाफेचा साठा अपुरा पडणार नाही असा बॉयलर पाहावा. दोन ग्रुपच्या मशीनमध्ये तो साधारणपणे १० ते १२ लिटरचा असतो.

मॉडेल निश्चित झाले की विक्रेत्याकडून त्याचे बसवणी-पत्रक मागून घ्यावे. मशीनची लांबी, खोली, उंची, वजन, वॅट, फेज, पाण्याच्या नळीचा आटा, लागणारा दाब आणि निचऱ्याच्या नळीचा व्यास हे सर्व त्यात असते. या लेखातील आकडे सर्वसाधारण आहेत, म्हणून जेथे त्यांच्यात आणि पत्रकात फरक पडेल तेथे पत्रक प्रमाण मानावे.

पाणी : सर्वांत बारकाईने

कपातील कॉफीचा बहुतांश भाग पाणीच असतो आणि मशीनच्या आतील बिघाडांमागेही बहुधा पाणीच असते. आपल्याकडे त्यात आणखी एक गुंतागुंत आहे, ती म्हणजे एकाच नळातून वर्षभर सारखे पाणी येत नाही. खडकवासला साखळीतून पुण्याला येणारे किंवा भातसा, तानसा, वैतरणेतून मुंबईला येणारे धरणाचे पाणी तुलनेने मृदू असते, तर दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला नळाला गढूळपणा येतो. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते आणि तो टँकर कोणत्या विहिरीवर भरला आहे याची कल्पना कोणालाच नसते. गच्चीवरच्या टाकीत ही सगळी पाणी एकत्र होतात. म्हणून पाण्याची चाचणी एकदाच करून भागत नाही. गाळा घेताना सोसायटीच्या सचिवांना आणि शेजारच्या दुकानदारांना स्पष्ट विचारावे की बोअर टाकीला जोडलेला आहे का, टँकर कोणत्या महिन्यांत येतात आणि टाकी वर्षातून किती वेळा धुतली जाते.

चाचणी करताना टीडीएस आणि जडपणा हे दोन वेगळे आकडे आहेत हे लक्षात ठेवावे. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून विरघळलेल्या सर्व क्षारांचा एकूण अंदाज देतो. त्यांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, हे तो सांगत नाही, आणि बॉयलरमध्ये दगडासारखा थर धरतो तो मुख्यतः कॅल्शियमचाच. जडपणासाठी थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचा छोटा संच मिळतो, तो विकत घेऊन दुकानातच ठेवावा. ही दोन्ही मोजमापे स्वतः करता येतात. क्लोराइड आणि क्षारता यांसाठी मात्र एकदा प्रयोगशाळेतून अहवाल करून घ्यावा, कारण क्लोराइड जास्त असलेले पाणी स्टेनलेस स्टीलच्या बॉयलरलाही आतून खाते.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि जडपणाची २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत सूट आहे. हे आकडे पिण्याच्या दृष्टीने ठरवलेले आहेत. ‘आमचे पाणी पिण्यायोग्य आहे’ एवढ्या आश्वासनावर मशीन जोडू नये, कारण कॉफीसाठी टीडीएस १५० च्या आसपास आणि जडपणा ५० ते १७५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असणे चांगले मानले जाते. मशीनच्या काळजीपोटी जडपणा या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे, ५० ते ८० च्या दरम्यान ठेवावा, असे माझे मत आहे.

चाचणीच्या निकालावरून उपाय ठरतो. धरणाचे मृदू पाणी असेल तर ५ मायक्रॉनचा गाळ-फिल्टर आणि क्लोरीन काढणारा कार्बन फिल्टर एवढे पुरते. जडपणा मध्यम असेल तर कॉफी मशीनसाठी मिळणारे, जडपणा कमी करणारे कार्ट्रिज त्यापुढे लावावे. कार्ट्रिजवर छापलेली लिटरची क्षमता ठरावीक जडपण्यासाठी असते. आपले पाणी दुप्पट जड असेल तर ते साधारण निम्म्या लिटरांतच संपते. मिठाच्या पाण्याने पुनरुज्जीवित होणारा सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे तो नीट काम करत असला तरी टीडीएस मीटरवरचा आकडा जवळपास तसाच राहतो. तो आकडा पाहून सॉफ्टनर बिघडला असा निष्कर्ष काढणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

पाणी फारच जड असेल तर आरओ लावावा लागतो आणि येथेच सर्वाधिक चुका होतात. आरओचे निव्वळ पाणी मशीनला देऊ नये. कॉफी निर्जीव लागते हे एक कारण, आणि असे पाणी धातूला झिजवते हे दुसरे. तिसरे कारण फारसे कोणी सांगत नाही. बहुतेक बॉयलरमध्ये पाण्याची पातळी एका धातूच्या कांडीने ओळखली जाते. पाणी कांडीला टेकले की त्यातून अगदी अल्प वीज वाहते आणि भरणा थांबतो. क्षारच नसतील तर ती वीज वाहत नाही, मशीनला बॉयलर रिकामाच वाटतो आणि तो भरत राहतो, शेवटी वाफेच्या नळीतून पाणी बाहेर येते. म्हणून आरओच्या पाण्यात मूळ पाणी ठरावीक प्रमाणात मिसळावे. समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस ८०० आणि जडपणा ५०० आहे, तर आरओतून साधारण ४० टीडीएसचे पाणी येईल. त्यात सुमारे साडेदहा टक्के मूळ पाणी मिसळले की टीडीएस १२० च्या आसपास येतो, आणि जडपणाही ६० ते ७० च्या घरात राहतो. मिसळले जाणारे मूळ पाणीसुद्धा गाळ-फिल्टर आणि कार्बन फिल्टर यांतून गाळून यावे, आणि मिसळण्याची तोटी एकदा जुळवली की तिच्यावर खूण करून ठेवावी.

दाब आणि साठवण

मशीनला साधारण २ ते ४ बार दाबाने पाणी लागते. टाकीतील पाणी मशीनपेक्षा दर १० मीटर उंचीवर असेल तर सुमारे १ बार दाब मिळतो. चार मजल्यांवरच्या टाकीमुळे आपल्या गाळ्यात १.२ ते १.५ बार मिळतील आणि फिल्टरमधून जाताना त्यांतलेही काही कमी होतील. तेव्हा छोटा बूस्टर पंप आणि त्यासोबत दाब साठवणारी टाकी यांची जागा ओट्याखाली आधीच राखून ठेवावी. घरगुती आरओ तासाला जेमतेम १० ते १५ लिटर पाणी देतो, त्यामुळे तो थेट मशीनला जोडण्याऐवजी त्याचे पाणी आधी झाकणबंद टाकीत साठवून तेथून पुढे द्यावे. बूस्टर पंप महापालिकेच्या नळाला थेट लावू नये, तो टाकीनंतरच असावा.

दोन ग्रुपच्या मशीनमध्ये बहुधा रोटरी पंप असतो आणि तो पाण्याविना चालला तर थोड्या वेळातच निकामी होतो. आमच्या पहिल्या दुकानात एप्रिलमधल्या एका दुपारी गच्चीवरची टाकी रिकामी झाली. मशीनचा आवाज बदललेला मला ऐकू आला होता, तरी समोरची ऑर्डर पूर्ण करण्याच्या घाईत मी ते बंद केले नाही, आणि पंप बदलावा लागला. तेव्हापासून पाणी नसेल तर पंपाची वीज तोडणारा प्रेशर स्विच मी प्रत्येक जोडणीत आग्रहाने घालून घेतो. ज्या शहरांत पाणी एक दिवसाआड येते तेथे तो अनिवार्यच समजावा.

नळ मशीनच्या उजव्या किंवा डाव्या बाजूला, ओट्याखाली, हात सहज पोहोचेल अशा ठिकाणी घ्यावा. मशीनच्या अगदी मागे भिंतीत घेतलेली तोटी संकटाच्या वेळी बंद करता येत नाही. क्रम असा ठेवावा : मुख्य तोटी, फिल्टर, दाबमापक, मशीनची स्वतंत्र तोटी आणि शेवटी वेणीची लवचीक नळी. फिल्टरला बगल देणारी तोटीही असावी, म्हणजे कार्ट्रिज बदलताना हात धुण्याचे आणि भांड्यांचे पाणी चालू राहते. मशीनचे पाणी मात्र त्या बगलेतून कधीही घेऊ नये.

वीज

दोन ग्रुपच्या मशीनला साधारण ३ ते ५ किलोवॅट लागतात. ४३०० वॅटचे मशीन २३० व्होल्टवर सुमारे १९ अँपिअर ओढते, त्यामुळे नेहमीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ते चालवणे धोक्याचे आहे. मुख्य डीबीमधून, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीतून, फक्त या मशीनसाठी स्वतंत्र सर्किट काढावे. त्यावर २५ किंवा ३२ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवावा, तार किमान ४ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्यावी, आणि अंतर जास्त असेल, एमसीबी ३२ अँपिअरचा असेल किंवा त्याच पाइपातून इतर तारा जात असतील तर ६ ची घ्यावी. शेवटी भिंतीवर निळे औद्योगिक सॉकेट किंवा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) असावा, आणि तो पाण्याच्या जोडण्यांच्या वर असावा, खाली नाही. ग्राइंडर, फ्रिज आणि बिलिंगचे यंत्र यांची सर्किटे वेगळी ठेवावीत.

हे काम सुरू करण्याआधी वीजबिलावर मंजूर भार किती आहे ते पाहावे. लहान गाळ्यांना बहुधा दिवे-पंख्यांपुरताच भार मंजूर असतो. मशीन ४.३, दोन ग्राइंडर मिळून १, फ्रिज आणि डीप फ्रीझर मिळून १, सँडविच ग्रिल २ आणि एसी २ असे धरले तर एकूण भार १० किलोवॅटच्या पुढे जातो. भार वाढवण्याचा किंवा थ्री फेज जोडणीचा अर्ज महावितरणकडे, आणि मुंबईत त्या भागातील वीज कंपनीकडे, परवानाधारक विद्युत कंत्राटदारामार्फत लवकरात लवकर करावा. सगळ्या कामांत याच कामाची वेळ आपल्या हाती नसते, म्हणून ते सर्वांत आधी सुरू करावे. अनेक मशीन सिंगल आणि थ्री फेज दोन्हींवर चालतात, मात्र त्यासाठी आतील जोडपट्ट्या बदलाव्या लागतात. हा बदल विक्रेत्याच्या तंत्रज्ञानेच करावा, कारण दोन फेजमध्ये ४०० व्होल्टांहून जास्त दाब असतो आणि चुकीच्या जोडणीने कंट्रोल बोर्ड क्षणात जळतो.

व्होल्टेज कमी पडल्याचा परिणाम वाटतो त्याहून मोठा असतो. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर हीटर जेमतेम तीन-चतुर्थांश शक्तीने चालतो आणि ऐन गर्दीत वाफ कमी पडते. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी व्होल्टेज नोंदवावे, आणि चढउतार मोठे असतील तर मशीनच्या भाराला पुरेल असा स्टॅबिलायझर घ्यावा. अर्थिंग आणि न्यूट्रल यांच्यात शक्यतो २ ते ३ व्होल्टांहून अधिक फरक नसावा. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार भिंतीत कुठेतरी तुटलेली असते. मशीन पाण्याने भरलेले आणि धातूचे असते आणि आपली माणसे ओल्या हातांनी त्यावर दिवसभर काम करतात, त्यामुळे या बाबतीत कोणतीही तडजोड मान्य करू नये.

निचरा

मशीनच्या कपांखालच्या ट्रेमध्ये दिवसभर पाणी, कॉफी आणि थोडेफार दूध पडत राहते. ते पाणी केवळ उतारानेच जाते, त्याला मागून ढकलणारे काही नसते. त्यामुळे निचऱ्याचे तोंड मशीनच्या तळापेक्षा बरेच खाली हवे आणि पाइपाला मीटरमागे किमान २ सेंटिमीटर उतार हवा. ओट्यापासून न्हाणी ट्रॅप ३ मीटर दूर असेल तर ६ सेंटिमीटर उतार लागेल, आणि तो फरशीच्या पातळीत बसतो का हे फरशी घालण्याआधीच पाहावे लागते. पाइप ४० ते ५० मिलिमीटर व्यासाचा घ्यावा. मशीनमधून गरम पाणी येते आणि साधा पीव्हीसी उष्णतेने मऊ पडून मध्ये झोळ धरतो, म्हणून गरम पाण्याला चालणारा सीपीव्हीसी वापरावा. मशीनची नळी पाइपात घट्ट कोंबू नये. वर उघड्या तोंडाचे नरसाळे आणि खाली पाणी धरून ठेवणारा ट्रॅप अशी रचना असावी, म्हणजे गटार तुंबले तर घाण पाणी मशीनकडे उलटे चढत नाही आणि वासही येत नाही. कॉफीचा चोथा या पाइपात जाऊ देऊ नये, त्यासाठी ओट्यात नॉक बॉक्स, म्हणजे चोथा झटकून टाकायचा डबा, बसवावा.

ओटा

दोन ग्रुपचे मशीन ६० ते ८० किलो वजनाचे असते. वर बॉयलर भरलेला, बाजूला दोन ग्राइंडर आणि दर मिनिटाला पोर्टाफिल्टरचा (कॉफी भरायच्या, दांडा असलेल्या गाळणीचा) झटका हे सर्व प्लायवूडच्या नुसत्या पेटीने पेलत नाही. खाली चौकोनी लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि वर ग्रॅनाइट किंवा कडप्पा ही आपल्याकडची नेहमीची रचना यासाठी उत्तम आहे. उंची ८५ ते ९० सेंटिमीटर ठेवावी, आणि काम करणारी माणसे बुटकी असतील तर त्याहून जास्त करू नये. खोली किमान ७० सेंटिमीटर असावी, म्हणजे मागे नळ्यांना जागा राहते. मशीनवर कप ठेवले जातात, म्हणून वर किमान ३० सेंटिमीटर मोकळे सोडावे आणि लाकडी कपाट थेट वर घेऊ नये, कारण वाफेने त्याचा तळ फुगतो. नळ्यांसाठीची ६० ते ७५ मिलिमीटरची छिद्रे ग्रॅनाइट बसवण्याआधी, मशीनच्या पत्रकावरून पुठ्ठ्याचा साचा कापून आखून घ्यावीत. ग्राइंडर मशीनला लागून, दुधाचा फ्रिज वाफेच्या नळीच्या खाली आणि नॉक बॉक्स त्या दोघांच्या मध्ये असावा. पुठ्ठ्याची खोकी मांडून त्या जागी उभे राहून खोटे खोटे दहा कप करून पाहावेत. माणसाला दोन पावलांपेक्षा जास्त चालावे लागत असेल तर मांडणी बदलावी.

जोडणीचा दिवस

मशीन येण्याआधी नळाची ओळ पूर्ण उघडून धुऊन घ्यावी, कारण टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि सिमेंटचे कण पहिल्याच दिवशी झडपांत अडकतात. नव्या कार्बन फिल्टरमधून काळी भुकटी येते, म्हणून १० ते २० लिटर पाणी बादलीत सोडून द्यावे. पेटी उघडताना छायाचित्रे काढावीत, मागच्या पाटीवरचे व्होल्ट आणि वॅट आपल्या जोडणीशी ताडून पाहावेत. मशीन चौघांनी मिळून ओट्यावर ठेवावे आणि पाय फिरवून पाणसळीने दोन्ही दिशांना समपातळीत आणावे. मशीन तिरपे असेल तर ट्रेमधले पाणी एका कोपऱ्यात साचून राहते.

यानंतरचा क्रम कधीही बदलू नये. आधी पाणी सुरू करावे, मग पंप आणि भरणा चालू करून बॉयलर भरू द्यावा, पातळी पूर्ण झाल्यावरच हीटर सुरू करावा. कोरड्या बॉयलरमध्ये हीटर लागला तर तो काही वेळातच जळतो. ११ लिटर पाणी २५ वरून १२० अंशांपर्यंत न्यायला साडेतीन किलोवॅटच्या हीटरला सुमारे २० मिनिटे लागतात, आणि जड पितळी ग्रुप पूर्ण तापायला आणखी तेवढाच वेळ द्यावा. पहिल्यांदा तापलेले पाणी वाफेच्या आणि गरम पाण्याच्या नळीतून सोडून द्यावे. बॉयलरचा काटा १ ते १.३ बारच्या दरम्यान स्थिरावतो का आणि कॉफी उतरत असताना पंपाचा काटा ९ बार दाखवतो का, ते पाहावे.

मशीन पावसाळ्यात बराच काळ गोदामात पडून असेल, विशेषतः कोकणात किंवा गोव्यात, तर पहिल्यांदा हीटर सुरू करताना आरसीसीबी पडू शकतो. हीटरच्या आतील भरण हवेतला ओलावा शोषते आणि गळती प्रवाह वाढतो. तंत्रज्ञाकडून हीटरचे इन्सुलेशन मोजून घ्यावे आणि तो सुकवून घ्यावा. आरसीसीबी काढून थेट जोडणी करण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला काम थांबवायला सांगावे.

गळती नाही याची खात्री झाल्यावर १८ ग्रॅम कॉफीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम एस्प्रेसो मिळेपर्यंत दळण जुळवावे. नव्या ग्राइंडरची पाती बसायला काही किलो कॉफी जाते, म्हणून पहिल्या आठवड्यात हे जुळवणे रोज करावे लागेल आणि त्याची कॉफी खर्चात आधीच धरावी.

तंत्रज्ञ जाण्याआधी एका वहीत त्या दिवसाचे आकडे लिहून घ्यावेत : येणाऱ्या पाण्याचा टीडीएस आणि जडपणा, फिल्टरनंतरचा टीडीएस आणि जडपणा, नळाचा दाब, व्होल्टेज, बॉयलरचा आणि पंपाचा दाब, मशीन तापायला लागलेली मिनिटे. पुढे वाफ कमी वाटली किंवा कॉफी आंबट लागली की आधी हे आकडे पुन्हा मोजावेत. जडपणाची चाचणी महिन्यातून एकदा करावी. मार्च ते जून या काळात सोसायटीत टँकर आला की त्याच दिवशी, टाकीत पाणी मिसळल्यानंतर, ती पुन्हा करावी आणि फिल्टरनंतरचा आकडा १०० च्या वर गेला तर कार्ट्रिज बदलावे.